भांडी घासण्यातील काटकसर : पाण्याची, इंधनाची आणि हातांची

(मिहान, नागपूर येथे भरलेल्या आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



श्रीकालिकामातेस वंदन करून मी माझ्या विषयास प्रारंभ करतो. स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, वसतिगृह, होतकरू विद्यार्थ्यांस साहाय्य अशा विषयांचा ऊहापोह व्हावा, ही आपली जुनी परिपाठी आहे. त्या मालिकेत ‘भांडी घासणे’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पाहून काहींच्या मुखावर स्मित उमटले असेल. ते स्वाभाविकच आहे. परंतु थोडा विचार केल्यास असे दिसेल की, या विषयावर बोलण्याचा अधिकार महाराष्ट्रात जर कोणत्या समाजास विशेषत्वाने असेल, तर तो आपल्या कासार समाजास आहे. आपल्या पूर्वजांनी घरोघरच्या स्त्रियांच्या हातांत बांगड्या भरल्या आणि त्याच हातांत तांब्या-पितळेची भांडीही दिली. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचा लौकिक साऱ्या विदर्भात होता. भांडे कसे ठोकावे, त्याला कल्हई केव्हा करावी, त्याची झळाळी कशी टिकवावी, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या लोकांस सांगत आलो. ते भांडे दिवसातून दोनदा घासणाऱ्या हातांचा विचार मात्र आपण फारसा केला नाही. तो आज करावा, असा माझा हेतू आहे.

हे भाषण मिहानच्या परिसरात होत आहे, यालाही काही अर्थ आहे. आज आपण जेथे बसलो आहोत तो मुलूख एका पिढीपूर्वी शेतांचा होता. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या जमिनी या प्रकल्पासाठी घेतल्या गेल्या. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. पुढे येथे संगणकाच्या मोठमोठ्या कचेऱ्या आल्या, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय आले, २०१९ च्या मार्चमध्ये खापरीपर्यंत मेट्रो धावू लागली. आपल्यातील अनेक तरुण कुटुंबे भंडारा, पवनी, उमरेड येथून, किंवा नागपूरच्या जुन्या वस्त्यांतून, या बाजूच्या बहुमजली इमारतींत राहावयास आली आहेत. या घरांत मोरी नाही, राख नाही, गुंडही नाही. ओट्याला लागून पोलादाचे कुंड आहे आणि त्यावर नळ आहे. घर बदलले की भांडी घासण्याची रीतही बदलते, आणि ही बदललेली रीत आपण कोणी विचारपूर्वक ठरवलेली नाही. ती नळाने आपल्याला लावली आहे.

जुनी रीत कशी होती ते ज्येष्ठांना सांगावयास नको. तरुणांसाठी थोडे सांगतो. जेवण झाले की ताटातील खरकटे आधी वेगळे निघे आणि ते गोठ्यात जाई. मग मोरीपाशी बसून, नारळाच्या शेंडीने किंवा काथ्याने, ओलसर राख घेऊन भांडी घासली जात. सारी भांडी घासून होईपर्यंत पाण्याला हात लागत नसे. नंतर एका घंगाळात पाणी घेऊन एकेक भांडे विसळावयाचे, दुसऱ्या स्वच्छ पाण्यातून काढावयाचे आणि उन्हात पालथे घालावयाचे. यात अडाणीपणा काही नव्हता. लाकडाच्या राखेत अल्क असते. ते तेलकटाशी मिळून एक प्रकारचा साबणच तयार करते, आणि राखेचे बारीक कण भांडे घासून काढतात. पितळेवरचा काळेपणा चिंचेतील आम्लाने जातो. आतील कल्हई खरवडून निघू नये म्हणून वाळूचा प्रयोग बाहेरून करावयाचा, आतून नव्हे, हेही घरोघर ठाऊक होते.

परंतु या रीतीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. पाणी थोडे वापरले जाई, कारण ते विहिरीवरून कोणा स्त्रीच्या कमरेवरून येई. जितके पाणी अधिक, तितक्या तिच्या खेपा अधिक. त्या काटकसरीची किंमत तिच्या पाठीने आणि गुडघ्यांनी चुकवली आहे. म्हणून नळ आला याचा आपणांस आनंदच मानावयास हवा. ‘पूर्वीचेच बरे होते’ असे म्हणणारा पुरुष बहुधा पाणी भरणारा नसतो. आपल्याला विहिरीकडे परत जावयाचे नाही. नळ ठेवून नळाची उधळपट्टी तेवढी टाळावयाची आहे, आणि ती टाळताना जुना भार पुन्हा त्याच हातांवर पडणार नाही हे पाहावयाचे आहे. माझ्या भाषणाचे सारे तात्पर्य एवढेच आहे.

आता उधळपट्टी हा शब्द नागपूरकरांना अन्यायाचा वाटेल, कारण नागपूर हे पाण्याच्या बाबतीत सुदैवी शहर मानले जाते. पेंच नदीवरील तोतलाडोह व नवेगाव खैरी येथील जलाशय आणि कन्हान नदी ही आपली अन्नदात्रीच. तथापि २०१९ चा उन्हाळा आठवावा. पेंचच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई येथे धरण झाले, पाऊस लांबला, तोतलाडोहचा साठा तळाला गेला, आणि त्या वर्षीच्या जुलै महिन्यात नागपुरात एक दिवसाआड नळ बंद ठेवण्याची पाळी आली. ज्या शहराने चोवीस तास पाण्याची योजना हाती घेतली होती, त्या शहरातील गृहिणी पिंपे भरून ठेवू लागल्या. जलाशय शंभर मैलांच्या आत असला तरी तो आपल्या एकट्याचा नसतो, हा त्या वर्षाचा धडा आहे.

पाणी घरात येते तसे ते घरातून जातेही, आणि ते कोठे जाते हे आपल्या समाजाने तरी अवश्य जाणावे. नागपूरचे बरेच सांडपाणी नाग नदीत उतरते. नाग पुढे कन्हानेला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण आहे. म्हणजे आपल्या ताटावरची तर्री आणि साबणाचा फेस येथून निघून आपल्याच भाऊबंदांच्या भंडारा जिल्ह्यातील पाण्याकडे जातो. ज्या गावांनी नागपूरला पितळी भांडी पुरवली, त्यांना आपण त्या भांड्यांचे धुवण परत पाठवतो, ही काही शोभणारी परतफेड नव्हे. याला एक दिलासा देणारी बाजूही आहे. शहराच्या पूर्वेस जे सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे, त्या जागेचे नाव, योगायोग पाहा, भांडेवाडी! तेथे दररोज तेरा कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची योजना उभी राहिली. म्हणजे आपल्या भांड्यांचे पाणी विजेच्या कामी येते आणि ती वीज पुन्हा आपले पाणी तापवते. पाणी आणि वीज ही दोन निराळी खाती नाहीत; एकाच घरच्या सख्ख्या जावा आहेत. एकीचा खर्च वाढला की दुसरीचाही वाढतो.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. शहरातील माणसास दररोज १३५ लिटर पाणी लागते, असे आपल्या देशातील मानक आहे. त्यात स्नानास ५५, शौचालयास ३०, कपड्यांस २०, घराच्या स्वच्छतेस १०, स्वयंपाकास ५, पिण्यास ५ आणि भांड्यांस १० लिटर धरलेले आहेत. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबास दिवसभराच्या भांड्यांसाठी ५० लिटर पुरावेत. आपल्या घरी किती लागतात, हे शोधण्यास कोणत्याही यंत्राची गरज नाही. भांडी घासताना नळ जितका सोडला जातो तितकाच सोडून त्याखाली बादली ठेवावी आणि घड्याळ पाहावे. मिनिटाला सहा लिटर पाणी पडते असे समजू. पुष्कळ घरी याहून अधिक पडेल. एका वेळच्या भांड्यांस वीस मिनिटे नळ चालू राहिला, तर १२० लिटर झाले. दोन वेळचे २४० लिटर. पन्नासाच्या जागी दोनशे चाळीस! आणि त्यातील बहुतेक पाणी भांड्याला स्पर्श न करताच जाते, कारण हात घासण्यात गुंतलेले असताना नळ नुसताच वाहत असतो.

हा दोष केवळ आपलाच आहे असे नाही. जर्मनीतील बॉन विद्यापीठात या शतकाच्या आरंभी युरोपातील निरनिराळ्या देशांच्या लोकांना बोलावून, बारा माणसांच्या जेवणाची भांडी हातांनी घासावयास लावली. सरासरी शंभर लिटरांच्या आसपास पाणी लागले. परंतु कोणाला त्याच्या अंशानेच भागले, तर कोणाला त्याच्या कित्येक पट लागले. मौजेची गोष्ट अशी की, ज्याने अधिक पाणी ओतले त्याची भांडी अधिक स्वच्छ निघाली, असा काही संबंध आढळला नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने २०२० साली असाच अभ्यास प्रसिद्ध केला. वाहत्या नळाखाली घासण्यापेक्षा भांडी धुण्याचे यंत्र बरे, असे त्यात दिसले. परंतु दोन कुंडे भरून, एकात साबणाचे व दुसऱ्यात विसळण्याचे पाणी घेऊन हातांनी घासण्याची रीत त्या यंत्राहूनही हरितगृह वायू कमी सोडणारी ठरली. ही दोन कुंडे म्हणजे आपल्या आजीची दोन घंगाळे नव्हेत काय? सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठाचा निष्कर्ष आपल्या मोरीतच पडून होता.

असे का व्हावे? हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ साली याची फार सुटसुटीत मांडणी केली. त्याच्या मते कोणतीही वस्तू स्वच्छ होण्यास चार गोष्टी कारण होतात : घर्षण, रसायन, उष्णता आणि वेळ. पाणी या चौघांचे वाहन आहे. या चारांपैकी एक कमी केले, तर दुसरे वाढवून तोल साधता येतो. आता पाहा, घर्षण म्हणजे कोणाचे तरी मनगट. रसायन म्हणजे साबण. तो अखेर नदीत जातो. उष्णता म्हणजे वीज किंवा गॅस. राहिला वेळ. भांडे अर्धा तास भिजत पडले, तर त्यात ना कोणाचे मनगट झिजते, ना वीज जळते. चौघांत फुकट मिळणारा असा हा एकच. यास्तव माझे सूत्र असे आहे की, पाणी वाचवावयाचे ते वेळ देऊन. कोणाचा हात झिजवून नव्हे.

या सूत्रावरून रीत आपोआप ठरते. ती क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, खरकटे कोरडेच काढावे. पाण्याच्या धारेने शिते आणि भाजीच्या फोडी ढकलत नेणे, यासारखा अपव्यय नाही. आपल्या सावजी रश्श्याची तर्री ताटाला बसते. ती पोळीच्या तुकड्याने पुसून तोंडात जावी हे उत्तम, ते न झाल्यास जुन्या कागदाने किंवा चिमूटभर कोंड्याने पुसून कचऱ्यात जावी. तेल मोरीतून गेले की नळीत गोठते आणि नळी तुंबते, हे वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनी अनेकदा सांगितलेलेच असेल.

दुसरी गोष्ट, भिजवावे. आणि काय कशात भिजवावे याचा विवेक ठेवावा. कणकेची परात आणि दुधाचे पातेले थंड पाण्याने भिजवावे, कारण गरम पाण्याने कणीक शिजून अधिकच चिकटते. तेलकट कढईला मात्र गरम पाणी हवे. ती शेगडीवरून उतरून किंचित निवली की तिच्यात वाटीभर पाणी घालून ठेवावे. तिच्या अंगच्या उष्णतेनेच पाणी तापते. कुकरच्या तळाशी उरलेले गरम पाणी पुष्कळ घरी ओतून देतात. वस्तुतः तेलकट भांड्यासाठी याहून चांगले पाणी नाही, आणि ते तापवण्याचा खर्च वरणभाताच्या खात्यावर आधीच पडून गेलेला असतो.

तिसरी गोष्ट, क्रम. आधी पेले आणि वाट्या, मग ताटे, मग पातेली, आणि सर्वांत शेवटी तेलकट कढई व तवा. हा क्रम उलटला की पहिल्याच भांड्याने पाणी व घासणी दोन्ही तेलकट होतात आणि पुढच्या प्रत्येक भांड्यास अधिक साबण लागतो. साबण वाटीभर पाण्यात कालवून घ्यावा आणि नळ बंद ठेवून सर्व भांडी घासून बाजूला ठेवावी.

चौथी गोष्ट, विसळणे. दोन टब घ्यावे. प्रत्येकात आठ लिटर पाणी. पहिल्यात साबण उतरवावा, दुसऱ्यातून स्वच्छ काढावे. पहिले पाणी मळले की ते टाकून दुसऱ्याला पहिल्याची जागा द्यावी आणि नवे पाणी थोडेसेच घ्यावे. शेवटचे, जवळजवळ स्वच्छ असलेले पाणी पुढच्या वेळची भांडी भिजवण्यास ठेवावे. भिजवण्याचे दोन-तीन लिटर आणि साबणाचे लिटरभर धरले, तरी एका वेळेस वीस लिटरांत काम होते. दोन वेळचे चाळीस. पन्नासाच्या मानकाच्या आत आपण आलो, आणि दोनशे चाळीसांतून दोनशे लिटर वाचले. अशी शंभर कुटुंबे निघाली, तर दिवसाला वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे दोन टँकर! उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावलेल्या गृहस्थांना या आकड्याचे मोल निराळे सांगावयास नको.

आणखी एक पाणी आपल्या घरात फुकट जाते. पिण्याचे पाणी शुद्ध करणारे जे यंत्र आज घरोघर भिंतीवर दिसते, ते एक लिटर शुद्ध पाणी देताना त्याहून अधिक पाणी नळीवाटे टाकून देते. त्यात क्षार अधिक असतात, म्हणून ते पिण्यास नको. परंतु भिजवण्यास आणि पहिल्या धुण्यास ते पूर्ण योग्य आहे. नळीखाली बादली ठेवावी, एवढेच. भांड्यावर पांढरे डाग पडू नयेत म्हणून अखेरचे विसळणे चांगल्या पाण्याने करावे.

आता विजेचा विचार. पुष्कळांची अशी समजूत असते की, पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवण्यातच मोठी वीज जाते. हिशेब निराळा आहे. हजार लिटर पाणी पंधरा-वीस मीटर उंच चढवण्यास घरगुती पंपाला युनिटचा दहावा ते पाचवा भाग लागतो. उलट केवळ दहा लिटर पाणी तीस अंशांनी तापवण्यास युनिटचा तिसरा हिस्सा लागतो. म्हणजे दहा लिटर पाणी तापवण्याची वीज ही हजार लिटर पाणी गच्चीवर नेण्याच्या विजेहून अधिक! यास्तव विजेची खरी काटकसर पंपात नसून गरम पाण्याच्या तोटीत आहे. ओट्यावरच्या नळाला विजेचे गरम पाणी जोडून ती तोटी वाहती सोडणे, याच्याइतके महाग भांडी घासणे दुसरे नाही.

नागपुरात तर याची गरजही थोडीच पडते. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की गच्चीवरची टाकी हाच आपला बंब होतो. दुपारच्या नळाखाली हात धरवत नाही. एरवी आपण ज्याला वैतागतो ते हे पाणी तेलकट भांड्यांसाठी राखावे. सकाळची कढई-तवे भिजवून ठेवून दुपारी घासावे. हिवाळ्यातही आपल्याकडे ऊन स्वच्छ असते. सकाळी उन्हात ठेवलेल्या घागरीचे पाणी दुपारपर्यंत कोमट होते. थंडीच्या भल्या पहाटे, बर्फासारख्या पाण्यात भांडी घासण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. तशी वेळ आलीच, तर एक तपेले पाणी तापवून साबणाच्या टबात ओतावे. ते काटकसरीच्या विरुद्ध नाही. बोटे बधिर होऊ देऊन वाचवलेली वीज मला पुण्यकारक वाटत नाही.

येथे मी विषयाच्या सर्वांत नाजूक भागाकडे येतो. आपल्यातील पुष्कळ घरी भांडी घासण्यास बाई येतात. त्यांना चार-पाच घरांचे काम असते. प्रत्येक घरी पाऊणएक तास. अशा बाईंना ‘पाणी कमी वापरा’ असे सांगणे फार सोपे. परंतु भांडी वाळून खडखडीत झालेली, खरकटे तसेच, टब एकही नाही, आणि वर नळ बारीक करावयाची आज्ञा. मग त्या बाईंनी करावे तरी काय? सिनरच्या चार गोष्टींपैकी उष्णता आणि वेळ, आणि त्या साऱ्यांचे वाहन असलेले पाणी, हे तिन्ही आपण काढून घेतले. राहिले फक्त त्यांचे मनगट. ही काटकसर नव्हे. आपला खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे हे तिचे खरे नाव. ज्या घरी भांडी आधीच पुसून भिजवून ठेवलेली असतात, दोन टब असतात, बसावयास पाट किंवा उभे राहावयास नीट उंचीचा ओटा असतो, त्या घरी पाणीही वाचते आणि बाईंचा वेळही. वाचलेल्या वेळाबद्दल त्यांचे पैसे कापावयाचे नाहीत, हे जाणत्यांना सांगावयास नको. आणि त्यांच्या चहाचा पेला फळीवर निराळा ठेवण्याची चाल कोठे उरली असेल, तर ती आजच बंद व्हावी. जे हात आपली सर्व भांडी शुद्ध करतात, त्यांच्याच ओठांनी एक पेला अशुद्ध होतो, हे तर्कशास्त्र मला कधी उमगलेले नाही.

आणि ही पूर्वतयारी कोणी करावी? ज्याने जेवले त्याने. बंधूंनो, हे शब्द मी मुद्दाम आपल्याला उद्देशून बोलतो. ताटावरून उठावे आणि उष्टे दुसऱ्या कोणी उचलावे, उष्ट्याला हात लावणे हे पुरुषाच्या मानाला उणे आणणारे, अशी एक भावना आपल्या हाडीमांसी खिळली आहे. तिची कुळी कोणतीही असो, तिचा परिणाम असा की, खरकटे ताटावर वाळते आणि ते सोडवण्यास पुढे चौपट पाणी व दुप्पट घासणे लागते. जेवल्याबरोबर पुसलेल्या ताटाला दोन ओंजळी पाणी पुरते. तेच ताट रात्रभर पडले तर त्याला तांब्याभर पाण्याने भागत नाही. म्हणजे आपला हा मान दररोज लिटरांनी मोजता येतो! ज्या समाजाने सबंध आयुष्य भांडे हातात धरून काढले, त्याच्या पुरुषांना आपलेच ताट उचलून पुसण्यात कमीपणा वाटावा, हे आश्चर्य होय. घरातील मुलगा आणि मुलगी दोघांनाही हे वळण सहाव्या-सातव्या वर्षीच लावावे. मोठेपणी लावलेले वळण कुरकुरते.

शेवटी मी आपल्या मंडळापुढे एक सूचना ठेवतो. स्नेहसंमेलनाच्या पंगतीला आपण काय वापरतो? महाराष्ट्रात २०१८ च्या जूनपासून प्लास्टिकच्या व थर्मोकोलच्या ताट-वाट्यांना बंदी आहे. तेव्हापासून कागदी पत्रावळी आल्या. परंतु त्यांतील पुष्कळांना आतून प्लास्टिकचाच पातळ थर असतो. त्या मातीत मिसळत नाहीत, आणि गायीच्या पोटात गेल्या तर तिचा घात करतात. पळसाच्या पानांची खरी पत्रावळ मिळत असेल, तर तिच्यासारखे दुसरे काही नाही; तिला घासावे लागत नाही आणि ती खतात जाते. परंतु तीनशे पानांना पुरेल इतकी ती दर वर्षी मिळतेच असे नाही. तेव्हा मंडळाने स्वतःची पोलादी ताटे, वाट्या आणि पेले का करू नयेत? आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाने दोन-तीन संच दिले, तरी तीनशे संच होतात. भांड्यावर नाव घालून देण्याची कला आपलीच. लग्नात दिलेल्या भांड्यावर माहेरचे नाव आणि तारीख आपल्याच लोकांनी कोरली. मंडळाच्या प्रत्येक ताटावर देणाऱ्या कुटुंबाच्या वडीलधाऱ्यांचे, आणि विशेषतः आजी-पणजींचे, नाव घालावे. आपल्या वंशावळींत ज्यांची नावे सापडत नाहीत, त्या निदान ताटावर तरी सापडतील.

मग घासण्याचा प्रश्न उरतो. तो कोणा बाईंवर टाकावयाचा नाही. पंगतीच्या बाहेर तीन टब मांडावे : एक खरकटे टाकण्याचा कोरडा, दुसरा साबणाच्या पाण्याचा, तिसरा विसळण्याचा. ज्याने त्याने आपले ताट पहिल्या टबात निपटून दुसऱ्यात घालावे. पुढचे काम तरुण मुलांच्या तुकडीने पाळीपाळीने करावे. ताटामागे लिटरभर पाणी पुरवावे, असा पण केला तर तीनशे ताटांस तीनशे लिटर, म्हणजे दीड पिंप पाणी लागेल. हे संच सभासदांच्या घरच्या मुंजी-बारशांनाही देता येतील, आणि त्या निमित्ताने ही रीत घरोघर पोहोचेल. ज्या गोष्टीचा ठराव होतो तिच्यापेक्षा ज्या गोष्टीची पंगत उठते ती लोकांच्या अधिक लक्षात राहते.

माझ्या या सूचनेवर कार्यकारी मंडळाने विचार करावा, आणि तो होईपर्यंत प्रत्येक घरी एक बादली आणि एक घड्याळ घेऊन नळाचा हिशेब व्हावा, अशी माझी विनंती आहे. तो हिशेब घरातील कर्त्या पुरुषाने स्वतः घ्यावा. त्यासाठी त्याला एक वेळची भांडी स्वतः घासावी लागतील, कारण मोजमाप दुसऱ्याच्या हातांनी नीट होत नाही. त्यानंतर पाणी का वाचवावे, आणि कोणाच्या हातांनी ते वाचवू नये, या दोन्ही गोष्टी त्याला सांगण्यास पुन्हा भाषणाची गरज पडणार नाही.

जेवणाची वेळ झाली आहे. आजच्या पंगतीला उठताना आपापले पान आपण स्वतः उचलावे, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.